पाहुण्यांच्या परिचयातून खोडलेला शब्द : 'अक्लेम्ड' शिकण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत नोव्हेंबर लागला की नाटकाचं वारं सुटतं. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीता स्वयंवर' केलं, तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो, आणि त्या आठवड्यात गावात कुठं ना कुठं सत्कार, प्रयोग, व्याख्यान असं काहीतरी चालूच असतं. त्यातल्याच एका छोट्या कार्यक्रमातलं हे प्रकरण आहे. नावं कुणाचीच देत नाही, संस्थेचं नाही, पाहुण्यांचं नाही आणि त्या मुलीचं तर अजिबातच नाही, तिची परवानगी घेऊनच लिहितेय.

मुलगी तासगाव तालुक्यातली, सगळं शिक्षण मराठी माध्यमातून, मराठीत एमए. आवाज असा खणखणीत की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेपर्यंत जाईल. दिवसा एका टू-व्हीलर शोरूममधे इन्शुरन्सच्या टेबलावर असते आणि संध्याकाळी निवेदन करते, रिसेप्शन, वाढदिवस, शाळांची गॅदरिंग्ज, काय मिळेल ते. माझ्याकडं इंग्रजी बोलायला शिकायला येते. हुशार आहे आणि मराठी तर इतकी सुंदर आहे की ऐकत बसावं.

त्या वर्षी संस्थेनं कर्नाटकातले एक ज्येष्ठ नाट्यदिग्दर्शक पाहुणे म्हणून बोलावले होते. त्यांना मराठी फारसं येत नव्हतं, म्हणून त्यांचा परिचय इंग्रजीत करायचा असं ठरलं, बाकी कार्यक्रम मराठीतच. पाहुण्यांकडून एका पानाचा इंग्रजी बायोडेटा आला होता, त्यावरून हिनं दहा-बारा ओळींचा परिचय तयार करायचा आणि स्टेजवरून वाचायचा, एवढंच काम.

अडचण कुठं होती

हिनं पहिला मसुदा मोबाईलवर टाईप करून आणला आणि मला वाचून दाखवला. दिग्दर्शक फेमस, नाटकं फेमस, पुरस्कार फेमस, ज्या गावात नाटक झालं ते गावपण फेमस. ॲन, द यातलं एकही नव्हतं पण ते नंतरचं. मला खटकलं ते वेगळंच. मूळ बायोडेटा मी मागून घेतला, तर त्यात पहिल्याच ओळीत 'क्रिटिकली अक्लेम्ड (critically acclaimed, म्हंजे समीक्षकांनी नावाजलेला) थिएटर डायरेक्टर' असं लिहिलेलं आणि खाली दोन नाटकांच्या आधी नुसतं 'अक्लेम्ड'. हिनं तिन्ही ठिकाणी पेनानं तो शब्द खोडलेला होता, नुसती रेघ मारून नाही तर गिरवून गिरवून, खालचं अक्षर दिसू नये असा.

का खोडलंस विचारलं तर म्हणाली, "मॅडम, एवढ्या मोठ्या माणसाला स्टेजवरनं असं कसं म्हणायचं? क्रिटिकली म्हंजे टीका झालेली. आणि अक्लेम्ड म्हंजे नुसताच क्लेम केलेला, खरा का खोटा माहीत नाही असा. टाईप करताना कुणीतरी मुद्दाम घातलंय का काय असं वाटलं मला."

आता हे ऐकून कुणी हसू नये. तिच्या जागी बसून बघा. दिवसभर तिच्या टेबलावर क्लेमच्या फायली असतात, क्लेम टाकला, क्लेम पास झाला, क्लेम रिजेक्ट झाला. तिथं क्लेम म्हंजे माणसानं केलेला दावा आणि तो तपासल्याशिवाय खरा धरायचा नाही हे तिच्या कामाचं पहिलं कलम. तर 'अक्लेम्ड डायरेक्टर' म्हंजे दिग्दर्शक असल्याचा दावा करणारा माणूस, हा अर्थ तिनं सरळ तर्कानं काढला. आणि क्रिटिकलचं म्हणाल तर शेजारी मिरज, दवाखान्यांचं गाव, 'पेशंट क्रिटिकल आहे' हे इंग्रजीचा गंध नसलेल्या म्हातारीलाही कळतं. शिवाय 'क्रिटिसाइझ' म्हंजे टीका करणं हे शाळेत घोकलेलं. म्हणजे तिच्या हिशोबानं त्या एका ओळीत पाहुण्यांचा दोनदा अपमान होता आणि तो तिनं वाचवला होता.

शब्दाचं मूळ बघितलं तर ती फार लांबही नव्हती. क्लेम आणि अक्लेम दोन्ही लॅटिनमधल्या एकाच धातूपासून आलेत, अर्थ ओरडणं, पुकारणं. क्लेममधे माणूस स्वतःसाठी पुकारतो, हे माझं आहे म्हणून. अक्लेममधे लोक दुसऱ्या कुणासाठी पुकारतात. फरक एवढाच, पण सगळा अर्थ त्या फरकात आहे.

कोणते पर्याय होते

कार्यक्रम तोंडावर आलेला. माझ्यासमोर तीन रस्ते होते.

पहिला म्हणजे शब्द खोडलेलाच ठेवायचा आणि फेमसवर भागवायचं. चुकीचं काहीच नव्हतं त्यात, वाक्यं दुरुस्त केली असती तर परिचय सरळ पार पडला असता. पण पाहुण्यांनी स्वतःच्या परिचयात जो शब्द निवडून घातलाय तो काढून 'प्रसिद्ध' घालणं म्हणजे त्यांच्या कामाबद्दलची नेमकी गोष्टच काढून टाकणं. तो माणूस प्रायोगिक नाटकं करणारा, रस्त्यावर कुणी ओळखणार नाही, त्याला फेमस म्हणणं खरं तर खरंही नव्हतं.

दुसरा रस्ता म्हणजे यादी देणं. फेमस, रिनाउन्ड, सेलिब्रेटेड, एमिनंट, डिस्टिंग्विश्ड, अक्लेम्ड, नोटेड, सगळ्यांचा अर्थ समोर 'प्रसिद्ध, नामवंत' लिहून पाठ करायला सांगायचं. आपल्याकडं बहुतेक क्लासमधे हेच चालतं आणि स्पर्धा परीक्षेला ते उपयोगीही पडत असेल. पण यादीतून शिकलेल्या शब्दाचं काय होतं ते मी बघितलंय, एका मुलानं यादीत शेवटी असलेला 'नोटोरिअस' हा फेमसचाच वजनदार भाऊ समजून सरपंचांच्या नावाआधी लावला होता. नोटोरिअस म्हंजे कुप्रसिद्ध. तर यादी नको.

तिसरा रस्ता, एकच शब्द घ्यायचा आणि तो पार मुळापर्यंत जाऊन घ्यायचा, अर्थ, उच्चार, त्याच्या आगेमागे कोण येतं, कुणाला लावायचा, कुणाला नाही. वेळ जास्त जाणार आणि बाकीच्या वाक्यांना कमी मिळणार ही जोखीम होती. मी हाच घेतला.

काय केलं

सुरुवात इंग्रजीतून केलीच नाही. तिला विचारलं, मराठीत 'प्रसिद्ध लेखक' आणि 'नावाजलेला लेखक' यात तुला फरक वाटतो का? ती लगेच म्हणाली, वाटतो की, प्रसिद्ध म्हंजे सगळ्यांना माहीत असलेला, नावाजलेला म्हंजे लोकांनी कौतुक केलेला. मग विचारलं, नावाजतं कोण? म्हणाली, वाचक, समीक्षक, जाणकार. स्वतःला नावाजता येतं का? नाही. झालं, अक्लेम्डचं अर्धं काम इथंच झालं. एमए मराठीच्या मुलीला इंग्रजी डिक्शनरीतली व्याख्या देण्यापेक्षा तिच्याच भाषेत तिला आधीच कळत असलेला फरक दाखवणं जास्त बरं असं माझं ठाम मत आहे.

मग आपल्या भागातली माणसं घेतली. प्रत्येक नावाला तीन प्रश्न लावायचे ठरवलं: कुणी नावाजलं, कशासाठी नावाजलं, आणि ते चारचौघांत झालं का. तिन्हीची उत्तरं आली तरच शब्द लावायचा.

वि. स. खांडेकर, जन्म सांगलीचा, १८९८. 'ययाति'ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार, आणि १९७४ चा ज्ञानपीठ, मराठीला मिळालेला पहिला. वाचकांनी तर उचलून धरलेच. इथं काही प्रश्नच नाही, 'ॲन अक्लेम्ड नॉव्हेलिस्ट'. आणि ययातिला पण लागतो, 'ॲन अक्लेम्ड नॉव्हेल'. माणूस आणि कृती दोन्हीला हा शब्द चालतो हे तिथंच दाखवलं.

स्मृती मानधना, माधवनगरच्या मैदानात वाढलेली, २०१८ आणि २०२१ ला आयसीसीची वर्षातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू. मुलगी म्हणाली हिला तर फेमसपण लागेल आणि अक्लेम्डपण. बरोबर. दोन्ही एका माणसाला लागू शकतात, पण वेगवेगळ्या कारणानं.

मग सांगलीची हळद. २०१८ ला जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालं, देशभर नाव. अक्लेम्ड? ती थोडं थांबली आणि म्हणाली, "नाही मॅडम, हळदीनं काय केलंय? ती तशीच असते." मला हे उत्तर फार आवडलं. आयर्विन पूल, गणपती मंदिर, भडंग, हे सगळं फेमसच्या खात्यात गेलं. अक्लेम्डला कुणीतरी काहीतरी करून दाखवलेलं लागतं.

नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांवर जरा जास्त वेळ गेला पण तो जायलाच हवा होता. हेही सांगलीचेच. 'कीचकवध' १९०७ चं, त्यातला कीचक म्हंजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना बरोब्बर कळलं, नाटक तुफान गाजलं आणि पुढं इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली. आता सांग, हे नाटक अक्लेम्ड का नाही? ती गोंधळली, कारण सरकारी मान्यता नाही तर उलट बंदी. मग तीन प्रश्न पुन्हा लावले. कुणी नावाजलं, लोकांनी. कशासाठी, नाटकासाठी आणि त्यातल्या धाडसासाठी. चारचौघांत, भरल्या थेटरात. मग लागतो. मान्यता आणि नावाजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हेच साताऱ्याच्या बाजूला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, परत आले तेव्हा गावाकडच्या लोकांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढून जयजयकार केला, आणि अर्जुन पुरस्कार मात्र मरणानंतर मिळाला. लोकांनी केलेला तो जयजयकार हाच शब्दशः अक्लेम, त्या लॅटिन ओरडण्याच्या अगदी जवळचा. खाशाबांचं हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं आणि त्या दिवशीही वाटलं.

त्यानंतर सोबतचे शब्द. लग्नात नवरीबरोबर पाठराखीण येते तशा या शब्दाबरोबर ठरलेल्या दोन-चार जणी येतात: क्रिटिकली, वाइडली, हायली, इंटरनॅशनली. 'व्हेरी अक्लेम्ड' कुणी म्हणत नाही. क्रिटिकली इथं टीकेतलं नाही आणि दवाखान्यातलंही नाही, ते क्रिटिक म्हणजे समीक्षक याच्यावरून आलंय, समीक्षकांनी नावाजलेला. तिकीटबारीवर काय झालं ते या शब्दात येत नाही, थेटर रिकामं असतानाही पिक्चर क्रिटिकली अक्लेम्ड असू शकतो. कशासाठी हे सांगायचं असेल तर पुढं 'फॉर' येतो, 'अक्लेम्ड फॉर हिज प्लेज'.

उच्चाराला कमी वेळ लागला. स्पेलिंगमधे शेवटी ई-डी दिसल्यामुळं ती 'अक्लेमेड' म्हणत होती. क्लेमपासून चढवत नेलं, क्लेम, क्लेम्ड, अक्लेम्ड, सुरुवातीचा अ हलका आणि जोर क्लेवर. इतके दिवस ज्या क्लेमनं घोळ घातला होता तोच इथं कामाला आला. स्पेलिंगमधे सी दोनदा, आणि आधी 'अ' नाही तर 'ॲन', एवढं वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

मधेच आलेला पेच

दुसऱ्या मसुद्यात अपेक्षेप्रमाणं उलटं झालं. खोडलेला शब्द परत आला तो आख्खं गाव घेऊन. पाहुणे अक्लेम्ड, अध्यक्ष अक्लेम्ड, हॉल अक्लेम्ड. हे नवीन शब्द शिकणाऱ्या प्रत्येकाचं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, तिला मी काहीच न बोलता फक्त तीन प्रश्न पुन्हा विचारायला लावले आणि हॉलपाशी ती स्वतःच थांबली.

खरा पेच प्रायोजकांचा. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी मसुदा बघितला, त्यांना तो शब्द आवडला, आणि ते म्हणाले, "हाच शब्द आमच्या प्रायोजक साहेबांना पण लावा, भारदस्त वाटतोय." प्रायोजक म्हणजे गावातले एक व्यापारी, सज्जन माणूस, दरवर्षी न चुकता पैसे देणारे. पण त्यांना नावाजलं कुणी आणि कशासाठी, चारचौघांत? उत्तर नाही. मुलगी अडकली. नाही म्हणावं तर पुढचं काम जातंय, हो म्हणावं तर शेजारीच बसलेल्या पाहुण्यांच्या शब्दाची किंमत जातेय, आणि पाहुण्यांना इंग्रजी चांगलं येतंय.

तिच्यापुढं तीन गोष्टी होत्या: सांगतील तसं लावायचं, सरळ नकार द्यायचा, नाहीतर प्रायोजकांबद्दल खरं असलेलं काहीतरी चांगलं शोधायचं. मी तिला फक्त एवढंच विचारलं की हे गृहस्थ नेमकं काय करतात? ती म्हणाली, कार्यक्रम सुरू झाल्यापासून एकही वर्ष त्यांनी पाठ फिरवली नाही. मग तेच लिही की. इंग्रजीत साधं वाक्य झालं, हे कार्यक्रमाच्या पहिल्या वर्षापासून आमच्या पाठीशी उभे आहेत. पदाधिकाऱ्यांना तिनं स्वतः जाऊन समजावलं, "काका, तो शब्द नाटकवाल्यांना शोभतो, साहेबांसाठी मी खास वाक्य केलंय, बघा आवडतंय का." काकांना आवडलं. हा निर्णय तिचा, बोलायची पद्धतही तिचीच, आणि माझ्या मते आख्ख्या प्रकरणात सगळ्यात अवघड जागा हीच होती.

काय झालं

कार्यक्रमाच्या दिवशी परिचयात अक्लेम्ड दोनदाच आला. एकदा पाहुण्यांसाठी, क्रिटिकलीसकट, आणि एकदा त्यांच्या एका नाटकासाठी, त्याच्या पुढच्याच वाक्यात ते नाटक कुठं कुठं झालं आणि कुठला पुरस्कार मिळाला हे सांगितलेलं. म्हणजे शब्द आधी, पुरावा लगेच मागं. वाचन स्वच्छ झालं. 'ॲन' एका ठिकाणी म्हणायचा राहून गेला, त्याचं काही नाही. प्रायोजकांचं वाक्य आलं तेव्हा टाळ्या पाहुण्यांच्या परिचयापेक्षा जास्त पडल्या, कारण ते सगळ्यांना समजलं आणि सगळ्यांना माहीत होतं की ते खरं आहे. पाहुण्यांनी चहाच्या वेळी तिला थँक्यू म्हटलं आणि परिचयाचा कागद मागून घेतला.

प्रकरण इथं संपलं असतं, पण काही आठवड्यांनी तिनं पुण्यातल्या एका इव्हेंट कंपनीसाठी अर्ज लिहिला आणि बघायला पाठवला. पहिलीच ओळ, 'आय ॲम ॲन अक्लेम्ड अँकर'. व्याकरण बिनचूक, ॲनसकट. मी तिला फोन करून विचारलं, नावाजलं कुणी? थोडा वेळ शांतता, मग म्हणाली, "स्वतःला नावाजता येत नाही, मीच म्हणाले होते की." तिनं ती ओळ काढली आणि तिथं किती प्रकारचे कार्यक्रम केले, कुठल्या दोन भाषांत केले, हे साधं लिहिलं. अर्जाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

एक म्हणजे संस्थेनं बायोडेटा आणि निवेदिकेची गाठ लवकर घालून द्यायला हवी होती. परक्या भाषेतला परिचय शेवटच्या आठवड्यात हातात देणं हे आपल्याकडं सर्रास चालतं आणि मग निवेदक जे कळत नाही ते गुपचूप खोडतो. कितीतरी पाहुण्यांच्या नावापुढचे शब्द असेच गळाले असतील. तिनं खोडताना पाहुण्यांच्या माणसाला एक फोन केला असता तरी चाललं असतं, पण 'या शब्दाचा अर्थ काय' असं विचारायला आपली मुलं लाजतात आणि समोरचेही कधीकधी तशी वागणूक देतात, म्हणून एकट्या तिला दोष देता येणार नाही.

दुसरं, ऐकण्याचा भाग वाढवता आला असता. हा शब्द परिचय, पुरस्कार सोहळे, मुलाखती यातच सारखा कानावर येतो. तिनं दोन-तीन इंग्रजी परिचय आधी नुसते ऐकले असते तर मधल्या मसुद्यात शब्दाचा जो पूर आला तो कदाचित आलाच नसता. दुसरीकडं तो पूर आल्यामुळंच तिला तीन प्रश्न स्वतःच्या वाक्यांना लावायची सवय झाली असंही वाटतं, त्यामुळं याबाबतीत माझं मत पक्कं झालेलं नाही.

तिसरं, अर्जाचं. स्वतःबद्दल लिहिताना कुठले शब्द चालत नाहीत हे स्टेजच्या तयारीत आलंच नव्हतं, कारण तेव्हा विषय पाहुण्यांचा होता. पुढच्या बॅचला मी दोन्ही एकत्रच घेणार आहे: आधी दुसऱ्याचा परिचय लिहायचा, लगेच त्याच बैठकीत स्वतःचा, आणि दोन्हीतले शब्द अदलाबदल करून बघायचे की कुठला कुठं जाऊन बसतो आणि कुठला बसत नाही.

आणि यादीवाल्या पद्धतीबद्दल एक. या मुलीला नंतर 'रिनाउन्ड' आणि 'सेलिब्रेटेड' शिकवायला मला फारसं काही करावं लागलं नाही. रिनाउन्ड ऐकल्यावर तिनं आपणहून विचारलं, "मॅडम, हा मिरजेच्या सतारीला लागेल का?" लागतो. तिथं पिढ्यानपिढ्या तंतुवाद्यं बनतात आणि नाव लांबवर गेलंय. मग लगेच पुढचा प्रश्न, "आणि ती बनवणाऱ्या कारागिराला अक्लेम्ड?" आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोलत बसलो.